घरच्या पातेल्यात बिअर तयार होते ती दोन-चार अंशांच्या खेळावर

एक मोठं पातेलं, थर्मामीटर आणि जाळीदार कापडी पिशवी. एवढ्या सामानावर अमेरिकेत लोक घरच्या घरी 'पेल एल' ही बिअर बनवतात, तेही कायदेशीररीत्या.

पण आधी तसं नव्हतं. १९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली. घरी वाईन बनवायला सूट मिळाली, बिअर मात्र राहून गेली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. अट एकच, विकायची नाही. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ उजाडलं.

ऑल-ग्रेन म्हणजे काय?

बाजारात माल्टचा तयार पाक मिळतो. तो न वापरता थेट धान्यापासून सुरुवात करायची, म्हणजे ऑल-ग्रेन.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तसंच. मोड येताना धान्यात एन्झाइम तयार होतात आणि तेच पुढे स्टार्चची साखर करतात.

मग बिअर बनते कशी?

१० लिटरसाठी साधारण अडीच किलो माल्ट भरडून पिशवीत भरतात आणि ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. खरा खेळ इथेच आहे. तापमान थोडं कमी असेल तर बिअर हलकी, कोरडी होते. ७० अंशांकडे गेलं तर गोडसर, दाट होते. आणि पाणी उकळतं असेल तर एन्झाइमच नष्ट होतात, साखर तयारच होत नाही.

मग पिशवी काढून गोड पाणी तासभर उकळतात. सुरुवातीला टाकलेली हॉप्सची फुलं कडवटपणा देतात, शेवटी टाकलेली सुगंध. पाणी २० अंशांपर्यंत थंड झालं की यीस्ट टाकतात. साधारण दोन आठवड्यांत यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. उकळीनंतर जे जे भांडं लागेल, ते निर्जंतुकच हवं. नाहीतर बिअर आंबट होते.

धोका कुठे आहे?

बाटलीत. फेस यावा म्हणून बाटलीबंद करताना लिटरमागे ५-६ ग्रॅम साखर घालतात. पण आधीचं आंबणं अर्धवट राहिलं असेल, तर आत गॅस वाढत जातो आणि काच फुटते. म्हणून हायड्रोमीटरचं रीडिंग दोन-तीन दिवस एकच आल्याशिवाय बाटली भरत नाहीत.

हे महाराष्ट्रात करता येतं का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे 'घरी पिण्यापुरतीच बनवली' म्हणून सुटका होत नाही. परदेशातल्या होमब्रूच्या रील्स बघून सामान मागवायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.