सांडपाण्याची पाहणी आणि गावाची नोंदवही

जालना शहरातून वाहणारी कुंडलिका पुढे दुधनेस मिळते. दुधना पूर्णेस, पूर्णा गोदावरीस आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तरी शहराच्या गटारांतून नदीत उतरलेले पाणी अखेर समुद्राच्याच वाटेस लागते. वाटेत मात्र ते काठच्या विहिरींत झिरपते, पंपाने मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत येते आणि जनावरांच्या पिण्यात जाते.

‘वाहत्या पाण्यात घाण आपोआप विरून जाते’ हा समज किती महाग पडतो, हे जपानमधील मिनामाता येथे दिसून आले. तेथील एका रासायनिक कारखान्याचे पारामिश्रित सांडपाणी समुद्रात सोडले जात असे. पारा विरला नाही. तो मासळीत साठत गेला. मासळी खाणारी मांजरे झटके येऊन मरू लागली, मागोमाग माणसेही आजारी पडली. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. परंतु त्याचे कारण शासनाने मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. मधली बारा वर्षे विषारी पाणी वाहतच राहिले.

यावरून घ्यावयाचा बोध असा की, पाणी आणि आजार या दोहोंची नोंद एकत्र व नियमित ठेविली पाहिजे. एकदाच केलेल्या तपासणीवरून काहीच निष्पन्न होत नाही.

नमुने तीन ठिकाणचे घ्यावेत : शहराच्या वरच्या अंगाचे नदीचे पाणी, सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी आणि काठावरील विहिरीचे पाणी. वरचा नमुना नसल्यास दोष कोठून आला हे ठरविता येत नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, त्याच जागी, पुन्हा नमुने घ्यावेत. उन्हाळ्यात प्रवाह आटला म्हणजे सांडपाण्याचा अंश वाढतो. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. जंतुतपासणीसाठी निर्जंतुक बाटली घ्यावी व ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या ओलितासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जंतूंची मर्यादा १,००० ठरविली होती.

नोंदवहीत पाण्याच्या रकान्याशेजारी हगवण, कावीळ, जंत आणि ओलित करणाऱ्यांची अंगाची खाज यांचे रकाने असावेत. ही माहिती आशा कार्यकर्तीकडून दरमहा घ्यावी. दोन्ही आकडे एकाच वेळी वाढले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. परंतु चौकशीची निकड सिद्ध होते. गावाने घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा ठरत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने विहित रीतीने घ्यावा लागतो. तशी मागणी करण्यास मात्र ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडलेली वही उपयोगी पडते.

तोपर्यंत शेतकरी बंधूंनी अशा पाण्यावर कोथिंबीर, मुळा, काकडी घेऊ नये. कापसासारखे न खाण्याचे पीक घ्यावे. ओलित करताना गमबूट घालावेत आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिली नोंद याच महिन्यात करावी. पुढील वर्षी तुलना करावयास तीच आधार होईल.