वेल्डिंगवाला गेला, तरी आपण थांबायचं



आपल्या बचत गटांची शेड आता गावोगाव उभी राहू लागली आहेत. कुणाची डाळमिल, कुणाचं मसाला कांडप, कुणाचा शेळ्यांचा गोठा. पत्र्याचं शेड म्हटलं की वेल्डिंग, कटर, ग्राइंडर आलंच. म्हणून आज बोलू या त्यातून उडणाऱ्या ठिणगीबद्दल.

आमच्या गटाने डाळमिलसाठी शेड बांधायला घेतलं तेव्हाची गोष्ट. अर्धे पत्रे चढले होते. अवकाळीच्या भीतीने आम्ही तुरीची पोती आणि रिकामं बारदान आधीच आणून एका कोपऱ्यात रचलं होतं. दुपारी मिस्त्रींनी कैचीचा शेवटचा जोड मारला, मशीन बंद केलं आणि सगळे जेवायला गेले. आम्हीही घरी निघालो. कळशी विसरली म्हणून आमच्यातली एक ताई परत आली, तर बारदानातून धुराची बारीक रेघ निघत होती. ज्वाळा कुठेच नव्हती. तिने थप्पी ओढली, तर आतली पोती निखाऱ्यासारखी लाल झाली होती. शेजारच्या हौदात पाणी होतं, म्हणून आठ-दहा पोत्यांवर निभावलं. नाहीतर कर्ज काढून बांधलेलं शेड आणि वर्षाची तूर दोन्ही गेलं असतं.

संध्याकाळी बैठकीत वाद झाला. मिस्त्री म्हणाले, "ताई, मी मशीन बंद करूनच गेलो होतो." ते खरंच होतं. आग काम चालू असताना दिसली नाही, काम थांबल्यावर दिसली. हेच आम्हाला माहीत नव्हतं.

असं का होतं? वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा बारीक थेंब. तो उडतो, घरंगळतो, फटीत शिरतो. साधारण 35 फुटांपर्यंत, म्हणजे आपल्या चौदा-पंधरा पावलांवर, तो जाऊ शकतो. उंचावरून पडला किंवा वारा असला तर त्याहूनही लांब. बारदान, कडबा, भुसा, थर्माकोल यांत तो पडला की लगेच पेट घेईलच असं नाही. बारदान किंवा भुसा तर आतल्या आत बराच वेळ धुमसतो, आणि वारा लागला की भडकतो.

मोठ्या बांधकामांवरही हा धोका असतो. 21 जानेवारी 2021 रोजी पुण्याजवळ मांजरी इथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आग लागून 5 कामगार गेले. वेल्डिंगची ठिणगी हे कारण असावं, असा त्या वेळी प्राथमिक अंदाज होता. म्हणूनच मोठ्या कंपन्यांत असं काम सुरू करण्याआधी लेखी परवाना लागतो. आपण आपल्या ठराव वहीत तेच लिहून ठेवू शकतो. आम्ही ठरवलेले नियम सांगते.

कामाआधी: चारही बाजूंनी पंधरा पावलं मोजायची आणि तेवढ्यातलं जळणारं सगळं हलवायचं. हलवता येत नसेल ते पत्र्याने नीट झाकायचं. प्लास्टिकची ताडपत्री चालणार नाही, ती स्वतःच पेटते. भिंतीपलीकडे आणि खालीही बघायचं. रंग, थिनर, डिझेल दूर ठेवायचं. तेलाचा किंवा थिनरचा रिकामा ड्रम कापायला कधीच द्यायचा नाही. आत वाफ उरलेली असते आणि ड्रम बॉम्बसारखा फुटतो. गॅस कटर असेल तर सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले हवेत. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात लावायचा नाही. पाण्याच्या दोन बादल्या, वाळूची दोन घमेली आणि शक्य असेल तर पावडरचं अग्निशामक यंत्र हाताशी ठेवायचं.

काम चालू असताना: एक जण फक्त ठिणग्यांवर लक्ष ठेवेल. तिला दुसरं काही काम सांगायचं नाही, चहा करायलाही उठवायचं नाही. वारा सुटला तर काम थांबवायचं. आग लागलीच तर आधी मशीनचा वीजपुरवठा तोडायचा, मगच पाणी मारायचं.

काम संपल्यावर: हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. निदान अर्धा तास, शक्यतो एक तास, राखणीला थांबायचं. बारदानावर, भुशावर हात फिरवायचा, वास घ्यायचा, धूर बघायचा. धुमसणारं पोतं दिसलं तर नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही, उलगडून आतपर्यंत भिजवायचं. आवाक्याबाहेर गेलं तर सगळ्यांना बाहेर काढायचं आणि 101 किंवा 112 ला फोन करायचा.

आपल्यातल्या कितीतरी जणी बांधकामावर मजुरीला जातात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वेल्डिंगजवळ नायलॉनची साडी नको, ती वितळून अंगाला चिकटते. सुती कपडे घालावेत. आणि बाळाची झोळी त्या जागेपासून लांब, वेल्डिंगच्या खाली तर कधीच बांधू नये. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही. दवाखाना गाठायचा, गाडीसाठी 108 आहे.

नियम सांगितले तेव्हा आमचे मिस्त्री हसले होते. "वीस वर्षं काम करतोय, कधी काही झालं नाही," म्हणाले. आमच्या अध्यक्ष मावशींनी शांतपणे सांगितलं, "दादा, तुमचं काम चांगलंच आहे. पण शेड आमचं आहे, आणि कर्जाचा हप्ता आम्ही भरतो. बारदान हलेपर्यंत मशीन सुरू होणार नाही." मिस्त्रींनी स्वतःच दोन पोती उचलली.

तुमच्याकडे वेल्डिंग असेल त्या दिवशी सकाळीच ठरवा, शेवटी राखणीला कोण थांबणार. तिचं नाव वहीत लिहा. तिचं जेवण तिथेच पोचवा, आणि तिच्या त्या एका तासाचीही मजुरी धरा.