ब्रेक लागण्यापूर्वीचा एक सेकंद

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यातील नातेपुत्याला मुक्काम करते. त्या दिवशी रस्ता माणसांचा असतो. एरवी माणसांना तो वाहनांबरोबर वाटून घ्यावा लागतो. अशा वस्तीत वाहनाचा वेग ताशी ५० ऐवजी ३० किलोमीटर ठेवला, तर काय फरक पडेल? गणित करून पाहू.

समजा, चेंडूमागे धावणारे मूल गाडीपुढे १४ मीटरवर आले. ते दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत चालकाचा सुमारे एक सेकंद जातो. ताशी ३० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ८.३ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती आणखी सुमारे ५ मीटर जाऊन थांबते. एकूण १३.३ मीटर. मूल वाचले!

ताशी ५० च्या वेगाने मात्र त्या एका सेकंदातच १३.९ मीटर संपतात. ब्रेक लागतो न लागतो तोच गाडी मुलावर आदळते, तीही जवळजवळ पूर्ण वेगाने. हा वेग सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूइतका असतो. ताशी ३० साठी ही उंची साडेतीन मीटरच भरते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ साली मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ३० ची मर्यादा घातली. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही, पादचारी आणि वाहने जिथे एकत्र येतात तिथे, हाच आकडा सुचवला.

मग वेळेचा तोटा किती? अर्धा किलोमीटर वस्ती ओलांडताना अवघे २४ सेकंद!