‘अमेरिकन’ झुरळ : नाव आणि मूलस्थान

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर घरोघरच्या मोऱ्यांत, गटारांत व कोठारांत जे मोठे, तांबूस-तपकिरी झुरळ आढळते, त्याचे शास्त्रीय नाव ‘पेरिप्लॅनेटा अमेरिकाना’ असे आहे. ‘अमेरिकाना’ हे विशेषण लिनियसने १७५८ मध्ये दिले; ‘पेरिप्लॅनेटा’ हे प्रजातिनाम बर्माइस्टरने १८३८ मध्ये योजिले. या जोडनावाचा पूर्वार्ध यथार्थ व उत्तरार्ध भ्रामक आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

पूर्ण वाढलेले झुरळ सुमारे ४ सेंटिमीटर लांब असून त्याच्या मानेवरील ढालीस पिवळसर कडा असते. मादी १४ ते १६ अंड्यांची तपकिरी पेटी आडोशाच्या जागी चिकटवून ठेवते. पिल्ले अनेकदा कात टाकून काही महिन्यांनी, कधी वर्षाहून अधिक काळाने, प्रौढ होतात. ऊब, ओलावा व काळोख यांची त्यास आवड. अन्नाचा मात्र विधिनिषेध नाही. ग्रंथांच्या बांधणीतील खळदेखील ते खाते. मालवाहू जहाजाच्या तळाशी हे सारेच लाभत असल्याने त्याचा प्रसार समुद्रमार्गे झाला, यात नवल नाही. जुने चौल काय किंवा १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा काय, बंदर हे अशा प्रवाशाचे प्रवेशद्वारच ठरते.

या प्रजातीतील एकही जात मूळची अमेरिकेची नाही. उष्णकटिबंधीय आफ्रिका हे तिचे मूलस्थान असून गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांतून ही जात अमेरिकेत पोचली, असे प्रतिपादन रेन या कीटकशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये केले. लहान ‘जर्मन’ झुरळाची कथा याहून उद्बोधक आहे. लिनियसने १७६७ मध्ये त्यास जर्मन ठरविले. परंतु ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमार या प्रदेशात उत्पन्न झाले, असा निष्कर्ष २०२४ मधील जनुकीय संशोधनातून निघाला आहे. आपण ज्यास परदेशी म्हणतो, ते या बाजूचेच निघाले.

‘पेरिप्लॅनेटा’ या नावाच्या मुळाशी ‘भटक्या’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. त्यातील ‘पेरि’ व संस्कृत ‘परि’ हे उपसर्ग सगोत्र होत. हे नाव कीटकाचे वर्तन सांगते. स्थलवाचक विशेषण मात्र नाव देणाऱ्यास तो कोठे भेटला, एवढेच सांगते. मराठीतील ‘मोरस’ साखर हे याचेच उदाहरण. नाव मॉरिशसचे, पण ऊस व साखर या देशात त्याहून कितीतरी प्राचीन. नामावरून मूलस्थानाचे अनुमान करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच प्रथम हे विचारावे की, नाव उत्पत्तीचे आहे की भेटीचे?