मायक्रोफोनसाठी घडलेला वाद्यवृंद

सुरतेत राहणाऱ्याला सिम्फनी समोर बसून ऐकायची असेल तर फ्लाइंग राणी ही गाडी धरून मुंबई गाठावी लागते. तिथे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्याचे कार्यक्रम वर्षातल्या ठरावीक हंगामातच होतात. रेडिओला मात्र ना गाडी लागत होती, ना तिकीट. मुंबईचं नाहीतर अहमदाबाद-वडोदऱ्याचं केंद्र लावलं की घरबसल्या संगीत ऐकता यायचं. त्यात कधी व्हायोलिनच्या जोडीला सतार, सरोद, वीणा, बासरी, तबला आणि मृदंग एकत्र वाजताना कानी पडायचे. तो आकाशवाणी वाद्यवृंद. मैफिलीत नाव कमावून तो रेडिओवर आला नव्हता, रेडिओसाठीच तो घडवला गेला. माझ्या मते त्याचं मोठेपण यातच आहे.

रेडिओसाठी देशी वाद्यांचा वृंद बांधण्याचा हा विचार स्वातंत्र्यापूर्वीपासून चालत आलेला होता. जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत. आपल्याकडच्या वादकांना त्यांनी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवलं आणि देशी वाद्यांचा एक ताफा उभा केला. पण १९३९ साली कोलकात्यात ते कॉलऱ्याने गेले आणि काम अर्धवट राहिलं. त्याच सुमाराला मुंबई केंद्रावर वॉल्टर कॉफमन होते, नाझींच्या छायेतून इथे आलेले. आकाशवाणीची तंबोरा आणि व्हायोलिनची ती प्रसिद्ध धून त्यांच्याच नावावर आहे.

दिल्लीत वाद्यवृंद उभा राहिला तो १९५२ साली. त्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याच्या या गृहस्थांचं नाव निघतं ते आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटवल्याबद्दल. श्रोत्यांनी सिनेगीतांसाठी सरळ रेडिओ सिलोन लावला आणि १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ही चूक मोठीच होती. पण शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, १९५४पासून संगीत संमेलनंही सुरू झाली. केसकरांबद्दल बोलताना ही बाजू गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

वाद्यवृंदाची सूत्रं रविशंकर यांच्याकडे आली, आणि कर्नाटक संगीताच्या बाजूने टी. के. जयराम अय्यर यांच्याकडे. रविशंकरांना हे काम नवं नव्हतं. त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहरमध्ये अनाथ मुलांना शिकवून वाद्यांचा ताफा बांधला होता. बंदुकीच्या नळ्या कापून केलेला नळतरंग त्यातलाच. त्यांच्याकडे शिकायला जाण्याआधी रविशंकर थोरले भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर जगभर हिंडले होते. त्या पथकाच्या संगीताची जबाबदारी पुढे विष्णुदास शिराळी यांनी पेलली. शिराळी म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य.

तरी अडचणी मुळातल्याच होत्या. सतारिया एकटा बसतो तेव्हा आपला षड्ज तो स्वतः ठरवतो. इथे सगळ्यांचा षड्ज एक हवा. राग तो जागच्या जागी फुलवतो. इथे समोर कागद आणि त्यावर लिहिलेली सरगम. सरगम लिहिता येते, हे भातखंडे आणि पलुस्कर या दोघांनी आपापल्या पद्धतीने आधीच दाखवून दिलं होतं. कागदावर न उतरणारी गोष्ट म्हणजे मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं. गंधारावरून पंचमावर जाताना एका सतारीची तार किती खेचायची हे त्या वादकाचा कान ठरवतो. तीच मींड चार सतारींनी एकाच क्षणी, एकाच वेगाने घ्यायची तर चौघांना महिनोन्‌महिने एकत्र बसावं लागतं. शिवाय तरफांच्या तारा मागच्या स्वराला धरून गुंजत राहतात, त्यामुळे स्वर भराभर बदलले की सगळा गढूळ नाद होतो.

आणि आवाजाचं मोजमाप! सनईपुढे वीणा ऐकूच येत नाही. दिवाणखान्याच्या मैफिलीत या दोघींना शेजारी बसवण्याचं कारणच नव्हतं. मायक्रोफोनने ते शक्य केलं. हळू वाद्य जवळ, मोठं वाद्य दूर, आणि नियंत्रण कक्षात तोल सांभाळणारा अभियंता. तो अभियंतासुद्धा या वाद्यवृंदाचा वादकच म्हटला पाहिजे. मध्यमलहरींवर वरच्या पट्टीतला बारीक नाद गळून जायचा आणि जवारीची, म्हणजे घोडीवरच्या तारेच्या झंकाराची, चमक कमी व्हायची. विजेच्या मोटारींची खरखर मिसळायची ती वेगळीच, आणि यंत्रमागांच्या या सुरतेत मोटारींना तोटा नाही. एवढ्यातून जे टिकेल ते रचनाकाराला लिहायचं होतं.

रविशंकर १९५६ साली आकाशवाणीतून बाहेर पडले आणि त्यांची जागा पन्नालाल घोष यांनी घेतली. लांब, खर्जाच्या बासरीला रागसंगीतात मान मिळवून देणारा हा माणूस. त्यांच्या वाद्यवृंदरचनांची नावंच पाहा: ‘कलिंगविजय’, ‘ऋतुराज’, ‘ज्योतिर्मय अमिताभ’. कथा सांगण्याची ओढ त्यांत स्पष्ट आहे. या ओढीमुळे वाद्यवृंदाचं संगीत चित्रपटाच्या पार्श्वसंगीताजवळ गेलं, असा आक्षेप घेता येतो, आणि काही रचनांपुरता तो मला मान्यही आहे. पण नुसत्या आलाप-जोड-झाल्याने शंभर कानांना एकत्र धरून ठेवणारी बांधणी होत नाही. कुठेतरी आरंभ, संघर्ष आणि शेवट लागतोच. पन्नालालजींनी तो शोधला. १९६० साली ते दिल्लीतच गेले.

त्यानंतर १९६३ साली या वाद्यवृंदाकडे आले अनिल विश्वास. ते पन्नालालजींचे मेहुणे, आणि मुंबईच्या सिनेसंगीतातलं मातब्बर नाव. ज्या आकाशवाणीने सिनेगीतांना दार लावलं होतं, तिनेच दहा-अकरा वर्षांत आपला वाद्यवृंद सिनेसंगीतकाराच्या हाती दिला. मला हा निर्णय समजूतदार वाटतो. वेगवेगळ्या वाद्यांना एका रचनेत बसवण्याचा रोजचा सराव त्या काळी सिनेमाच्या स्टुडिओतच होत होता.

आज सुरतेत एफएमवर विविध भारती स्वच्छ लागते. २०१६च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेली शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची ‘रागम्’ वाहिनी फोनवरही ऐकता येते. मींड आणि जवारी आता पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट पोचते. म्हणूनच आकाशवाणीकडे एक मागणी आहे. वाद्यवृंदाची जुनी ध्वनिमुद्रणं नियमित वाजवावीत, आणि रचनाकाराबरोबर वीणा, सरोद, घटम वाजवणाऱ्यांची आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभियंत्याचीही नावं निवेदनात घ्यावीत.