डीपी ६३ची, मग मंडपाला किती अँपिअर?

सावदा : गणपतीचा मंडप असो, लग्न असो की सप्ताह, तात्पुरती वीज घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डीपी किती केव्हीएची?’ प्रश्न बरोबर, पण अर्धाच. त्या डीपीवर आधीचा भार किती आणि मंडपाचा भार किती फेजवर पडणार, हे कुणी विचारत नाही. डीपी जळतात त्या बहुधा इथेच.

डीपी म्हणजे ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे रोहित्र. त्याचा करंट काढायला केव्हीएला १००० ने गुणायचे, मग १.७३२ आणि ४३३ ने भागायचे. सोपी युक्ती : केव्हीए गुणिले १.३३. म्हणजे ६३ केव्हीएला ८४ अँपिअर, १०० ला १३३, २०० ला २६७. हा आकडा एका फेजचा. तिन्हींची बेरीज करून ‘१०० च्या डीपीतून ४०० अँपिअर मिळतात’ असा हिशेब करू नये.

आता समजा, दिवे, साउंड, कूलर मिळून मंडपाचा भार १२ किलोवॅट आहे. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर तो होतो सुमारे १४ केव्हीए. तीन फेजवर सारखा वाटला तर प्रत्येकीवर जेमतेम २० अँपिअर. सगळा एकाच फेजवर टाकला तर तब्बल ५९! गल्लीतल्या ६३ च्या डीपीवर संध्याकाळी घरांचा भार फेजमागे ५० अँपिअर असेल, तर वाटलेल्या जोडणीत बेरीज ७० होते, डीपी तगते. एकाच फेजवर ती १०९ वर जाते. दोन फेज मोकळ्या असूनही तिसरी तापते.

शेतातल्या कार्यक्रमात अडचण आणखी मोठी. पाच एचपीची मोटार चालू असताना सात-आठ अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना त्याच्या सहापटीपर्यंत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की रोहित्राचे तेलही नीट थंड होत नाही. म्हणून किमान २० टक्के क्षमता मोकळी ठेवलेली बरी. डीपी जळाली तर मंडपात अंधार एका रात्रीचा, पण नवी बसेपर्यंत ठिबक बंद आणि केळी तहानलेली.

आकडा टाकून वीज घेतली तर हा हिशेब कुणी करतच नाही. शिवाय तो गुन्हा आहे. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. अर्जात भार प्रामाणिकपणे लिहा आणि जोडणी तीन फेजची मागा. भार वाटून झाल्यावर सगळे दिवे-साउंड एकदम लावून प्रत्येक फेज क्लॅम्प मीटरने मोजायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.