पान हवे की लोंगर?

दिवेआगरात समुद्राकडे जाणारा कोणताही रस्ता धरा, दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. पाहुणा शेंड्यांकडे बघत चालतो. केळ असते खाली: विहिरीच्या पाटालगत, न्हाणीच्या सांडपाण्यावर, गोठ्याच्या मागे. वाडीचा पैसा सुपारी-नारळाचा, केळ घरच्यापुरती. त्यामुळेच ‘केळ काय, आपोआप येते’ हे बोलणे टिकून आहे. आपोआप येते ते केळीचे बेट. चांगले लोंगर हवे तर त्या बेटातले बरेच काही वेळेवर कापावे लागते, आणि काय कापायचे हे ठरवण्यातच केळीची सगळी निगा आली.

केळीचे खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले सोप. खरे खोड जमिनीत, म्हणजे कंद. कंदाच्या टोकाचा कोंब एकामागून एक पाने वर सोडतो. सात-नऊ महिन्यांनी, सावलीत वाढलेल्या उंच जातींत त्याहून उशिरा, तोच कोंब पाने काढणे थांबवून फुलाचा दांडा होतो आणि सोपांच्या पोकळीतून वर चढतो. केळफूल बाहेर आल्यावर त्या झाडाला नवे पान येत नाही. त्या दिवशी अंगावर जेवढी हिरवी पाने असतील, तेवढ्यांवरच पुढचे तीन-चार महिने लोंगर पोसायचे. दहा-बारा धड पाने असली तर फण्या भरतात, चार-पाचच राहिली तर केळी बोटाएवढी राहतात.

आणि दिवेआगरात पानालाच मागणी. घरगुती खानावळीतल्या पाहुण्याला मोदक केळीच्या पानावर हवा असतो. शिवाय नैवेद्य, श्राद्धपक्ष, शेजारचे लग्न. जो येतो तो कोयता घेऊन येतो आणि हाताला लागेल ते कोवळे, न फाटलेले पान नेतो. म्हणजे नेमके सर्वांत कामाचे. माझ्या मते पानांसाठी एक बेट वेगळेच राखावे. आडोशाला, वारा पाने चिरणार नाही अशा जागी, आणि त्याच्याकडून केळ्यांची आशा धरू नये. फळाच्या बेटातले फक्त वाळलेले, करप्याने डागाळलेले पान काढावे.

मुनव्यांचेही तसेच. एका कंदाभोवती पाच-सहा उगवतात आणि सगळे आईच्याच पाण्याखतावर जगतात. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने आणि तळाशी जाड बुंधा असलेला मुनवा दमदार. लहानपणीच रुंद पाने पसरणाऱ्याचा कंद तकलादू असतो, तो दिसायला मात्र गोजिरवाणा, म्हणून नवखा माणूस तोच राखतो. लोंगर लागलेले एक झाड, त्यामागून येणारे एक आणि फार तर एक लहानगे, एवढीच मंडळी बेटात असावीत. बाकीचे कापावेत. जरा मोठे झालेले सत्यनारायणाच्या चौरंगाला खांब म्हणून जातात, तेव्हा कापताना हात आखडण्याचे कारण नाही.

कोणता मुनवा कधी राखला यावर पुढचे लोंगर कधी येणार ते ठरते. गणपतीला घरचे केळे हवे तर केळफूल वैशाख-ज्येष्ठात दिसायला हवे. म्हणजे भरते लोंगर ऐन पावसाळी वाऱ्यात लोंबकळणार. त्यासाठी फूल वाकताच बांबूचे बेचके करून टेकू द्यावा. लोंगर ज्या बाजूला झुकते त्या बाजूनेच द्यावा, आणि टोचणी लागू नये म्हणून बेचक्यात सुका सोप घालावा. शेवटची फणी सुटली की खालचे कमळ खुडावे. लोंगर भरायला मदत होते आणि भाजी मिळते. प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायला अर्धी दुपार जाते, पण ताकाच्या पाण्यात ठेवून वाल घालून केलेल्या त्या भाजीपुढे मला पिकलेले केळेही दुय्यम वाटते.

किनाऱ्यालगतची जमीन वाळूची. पाणी खाली निघून जाते, खतही. केळीची मुळे उथळ, बहुतेक वरच्या फूटभरातच. म्हणून एकदम भरपूर पाणी देण्यापेक्षा थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे. आळ्यात शेणखत घालून वर पालापाचोळा, सुपारीच्या सालांचा आणि सोडणांचा थर ठेवावा. विहीर मचूळ झाली की पानांच्या कडा करपू लागतात, तो रोग समजून औषध मारण्यात अर्थ नाही. केळीला पालाशाची भूक मोठी: महाराष्ट्रातल्या शेतासाठी झाडामागे 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. परसात एवढे मोजत कोणी बसत नाही, पण नुसत्या शेणावर भागत नाही हे त्यातून कळते. चुलीची राख मूठमूठ घालावी, तिच्यात पालाश असतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळी-पोफळी मोडून पडल्या आणि सावलीतल्या वाड्या उघड्या झाल्या. पोफळीचे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, आणि कोवळेपणी त्याला कडक ऊन सोसत नाही, अंग भाजते. त्याला सावली देणारे, वर्ष-सव्वा वर्षात घरात काही आणणारे झाड म्हणजे केळ. वादळात तीही आडवी होते, पण कंद शाबूत असतो आणि पावसात पुन्हा फुटतो. पोफळीचे नवे रोप लावताना त्याच्या दक्षिण-पश्चिमेला केळ असावी, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडून येते. पोफळ उंच झाली की केळ काढायची. पोफळीला खेटून कायम राहिली, तर दोघींत खताची ओढाताण होते.

जातींत राजेळी आणि वेलची घरी असाव्यात. राजेळीचे केळे मोठे, जाड सालीचे, उकडायला-तळायला उत्तम. वसईकडे तिचीच सुकेळी होतात. वेलचीचे केळे छोटे, पातळ सालीचे, मुलांच्या हातात मावणारे.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात रानकेळ दिसते. ती बीपासून येते, मुनवे सोडत नाही. घरच्या केळीचे उलटे: बी नाही, सगळा वंश मुनव्यातून. त्यामुळे मुनव्याबरोबर रोगही गावभर फिरतो. पर्णगुच्छ लागलेल्या केळीची पाने अरुंद, ताठ होऊन शेंड्याला गुच्छासारखी दाटतात, देठावर गडद हिरव्या तुटक रेषा उमटतात. मावा तो पसरवतो, त्यावर इलाज नाही. असे बेट कंदासकट खणून नष्ट करावे आणि तिथला एकही मुनवा कोणाला देऊ नये, मागणारी सख्खी बहीण असली तरी. खोडातून चिकट डिंकासारखा द्रव येत असेल तर आत सोंडे भुंगा आहे. उभ्या चिरलेल्या सोपटाचे तुकडे कापलेली बाजू खाली करून रात्री बेटाजवळ ठेवले तर भुंगे खाली जमतात, सकाळी उचलून मारायचे. लोंगर उतरल्यावर खोड कुजत ठेवले की हाच भुंगा तिथे वाढतो, म्हणून त्याचे तुकडे करून उन्हात पसरावेत.

शेजारून मुनवा आणताना आधी त्याची आई बघावी: लोंगर कसे धरले, शेंडा मोकळा आहे ना. मग कंदाची जुनी मुळे आणि वरची काळपट साल कोयत्याने तासावी. आत पांढरे स्वच्छ अंग दिसले तर लावावा. काळी भोके, बोगदे दिसले तर घरी न आणता तिथेच जाळावा.